कलम ३.३.१ आणि त्याचे पाच महिने

८ एप्रिल २०१० रोजी कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोमध्ये ॲपलने आयफोनच्या नव्या कार्यप्रणालीची, आयफोन ओएस ४ची ओळख करून दिली. एका वेळी अनेक ॲप चालवता येणार, ती फोल्डरमध्ये ठेवता येणार, या घोषणांसाठी स्टीव्ह जॉब्ज यांना भरपूर टाळ्या मिळाल्या. त्याच दिवशी डेव्हलपरांसाठी नवा करारनामाही निघाला. असे करारनामे बहुतेक लोक न वाचताच ‘मान्य’ म्हणून पुढे जातात. काहींनी मात्र तो वाचला आणि ते कलम ३.३.१वर अडखळले. आधीच्या करारात हे कलम अगदी त्रोटक होतं. फोनच्या ज्या सोयी ॲपलने जाहीर केल्या आहेत तेवढ्याच वापरा, आतल्या खाजगी सोयींना हात लावू नका, एवढंच त्यात सांगितलं होतं. आता त्यात भर पडली होती: ॲप मुळात ऑब्जेक्टिव्ह-सी, सी किंवा सी प्लस प्लस या भाषांत, किंवा फोनच्या स्वतःच्या वेबकिट इंजिनावर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेलं असलं पाहिजे. मध्ये अनुवाद करणारं साधन किंवा जुळवून घेणारा थर ठेवून फोनशी बोलणारी ॲप चालणार नाहीत.

ॲप काय करतं, ते सुरक्षित आहे का, त्यात अश्लील काही आहे का, हे दुकानदाराने तपासावं हे डेव्हलपरांनी एव्हाना स्वीकारलं होतं. पण ॲप कुठल्या भाषेत लिहिलं गेलं, कुठल्या साधनाने घडवलं गेलं, यावरून ते दारातूनच परत पाठवायचं, ही गोष्ट नवी होती. त्यावर जो संताप उसळला, तो समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

२००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा बाहेरच्यांना त्यावर ॲप बनवायची सोयच नव्हती. हवं तर सफारीत उघडतील अशी वेब पानं बनवा, असं जॉब्ज यांनी सांगितलं होतं. डेव्हलपर त्यावर खूश नव्हते. ऑक्टोबरात ॲपलने माघार घेतली, मार्च २००८मध्ये विकाससंच दिला आणि १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲप घेऊन ॲप स्टोअर उघडलं. आत यायच्या अटी ठरलेल्या होत्या. मॅक संगणक हवा, वर्षाचे ९९ डॉलर भरायचे, विक्रीतले ३० टक्के ॲपलचे. आणि ऑब्जेक्टिव्ह-सी यायला हवी. ही भाषा १९८०च्या दशकातली. जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीने ती उचलली आणि तिथून ती ॲपलमध्ये आली. मॅकच्या जगाबाहेर ती जाणणारे मोजके होते. चौकोनी कंसांनी भरलेली तिची वळणं सी शार्प किंवा जावा लिहिणाऱ्याला परकी वाटत. शिवाय त्या काळी आयफोनवर स्मृतीचा हिशेब प्रोग्रामरलाच ठेवावा लागे. एखादी वस्तू कुठे धरली, कुठे सोडली, यात चूक झाली की ॲप कोसळे. हा हिशेब कम्पायलरकडे सोपवायची सोय ॲपलने दिली ती पुढे २०११मध्ये.

दुसरीकडे जगभरात लाखो लोक इतर भाषांत पारंगत होते. त्यांच्या हातातली विद्या आयफोनवर चालावी म्हणून साधनं तयार होऊ लागली. नॉव्हेल कंपनीत मिगेल दे इकाझा यांच्या चमूने सप्टेंबर २००९मध्ये मोनोटच आणलं. त्यात सी शार्पमध्ये लिहून आयफोनचं ॲप बनवता येई. मोनोटच ज्या मोनोवर उभं होतं, त्यावरच कोपनहेगनमध्ये सुरू झालेल्या युनिटी या गेम इंजिनात खेळांचा कोड चालायचा. अन्स्का मोबाइलचं कोरोना हे साधन लुआ नावाच्या छोट्याशा भाषेवर चालायचं, टायटेनियम जावास्क्रिप्टवर, फोनगॅप वेब पानांवर. आणि ॲडोबीने जाहीर केलं होतं की वेबवरची ॲनिमेशनं आणि खेळ ज्यात बनत त्या आपल्या फ्लॅशमध्ये केलेलं काम थेट आयफोन ॲप म्हणून बाहेर काढणारा पॅकेजर आपण देणार.

ही साधनं काम कशी करत होती, हे नीट पाहायला हवं, कारण वादाची कळ तिथेच आहे. प्रोसेसरला फक्त त्याचे स्वतःचे आदेश कळतात. माणसाने लिहिलेला कोड तिथवर न्यायचा एक मार्ग म्हणजे पुस्तक छापण्याआधीच त्याचा अख्खा अनुवाद करून ठेवावा तसा. हे काम कम्पायलरचं. दुसरा मार्ग म्हणजे भाषण चालू असताना शेजारी उभं राहून वाक्यामागून वाक्य सांगणाऱ्या दुभाष्याचा. तो इंटरप्रिटर. या दोहोंच्या मध्ये जेआयटी नावाची पद्धत आहे. तिच्यात ॲप चालू असतानाच, लागेल तेवढ्या भागाचे प्रोसेसरचे आदेश तयार होतात. डेस्कटॉपवर जावा, डॉटनेट आणि फ्लॅश यांचा वेग प्रामुख्याने या तिसऱ्या पद्धतीवर उभा होता.

आयफोनवर तो मार्ग बंद होता. स्मृतीच्या ज्या भागात ॲप काही लिहू शकतं, तो भाग आदेश म्हणून चालवायला फोन नकार देतो. जो कोड चालायचा त्यावर आधीच सही झालेली असली पाहिजे. चोरून घुसवलेला कोड चालू नये म्हणून केलेली ही व्यवस्था आहे आणि ती शहाणपणाची आहे. दुभाष्यालाही कलम ३.३.२ने मज्जाव केला होता. मग मोनोटच, युनिटी आणि ॲडोबी यांनी उरलेला मार्ग धरला: डेव्हलपरच्या संगणकावरच सगळा कोड आधी एआरएम प्रोसेसरच्या आदेशांत उतरवायचा. ॲडोबीने त्यासाठी एलएलव्हीएम हा खुला कम्पायलर-प्रकल्प वापरला, ज्यात ॲपल स्वतः काही वर्षं माणसं आणि पैसा गुंतवत होती. म्हणजे या लोकांनी नियमाची प्रत्येक ओळ पाळली होती. त्यांच्या हातून बाहेर पडणारी फाइल तांत्रिकदृष्ट्या इतर आयफोन ॲपसारखीच होती. आता नियम त्या फाइलच्या पलीकडे जाऊन विचारत होता की ती बनण्यापूर्वी मूळ मजकूर कुठल्या भाषेत होता.

ॲडोबीला हा तडाखा बसला तो ऐन मुहूर्तावर. फ्लॅशची नवी आवृत्ती, सीएस ५, १२ एप्रिलला जाहीर व्हायची होती. आयफोनसाठीचा पॅकेजर हे तिचं मोठं आकर्षण होतं आणि त्या मार्गाने बनलेली कित्येक ॲप आधीच मंजूर होऊन स्टोअरमध्ये विकली जात होती. नवा करार आला तो चार दिवस आधी. ॲडोबीच्या एका तंत्रप्रसारकाने ॲपलला जाहीरपणे, सभ्यतेची मर्यादा सोडून सुनावलं. २० एप्रिलला कंपनीच्या माइक चेंबर्स यांनी शांत शब्दांत सांगून टाकलं की सीएस ५मध्ये पॅकेजर असेल, पण यापुढे त्यावर आम्ही गुंतवणूक करणार नाही. २९ एप्रिलला स्वतः जॉब्ज यांचं फ्लॅशविषयीचं खुलं पत्र आलं. त्यात बॅटरी, सुरक्षा, स्पर्शाने चालणारे पडदे अशी बरीच कारणं होती, पण सर्वांत महत्त्वाचं कारण म्हणून त्यांनी शेवटी मधल्या थराचाच मुद्दा मांडला. दोन आठवड्यांनी ॲडोबीचे संस्थापक जॉन वॉर्नॉक आणि चक गेश्की यांनी खुल्या पत्राने उत्तर दिलं. एके काळी याच ॲडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेवर ॲपलचा लेझर प्रिंटर चालला होता आणि ॲपलने ॲडोबीचा सुमारे पाचवा हिस्सा विकत घेतला होता.

जॉब्ज यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याला ॲपलच्या अनुभवाचं बळ होतं. १९९०च्या दशकात मॅकचे बहुतेक प्रोग्रामर मेट्रोवर्क्स कंपनीच्या कोडवॉरियर या साधनावर विसंबून होते. जून २००५मध्ये ॲपलने इंटेल प्रोसेसरकडे वळायचं ठरवलं, तेव्हा कोडवॉरियर त्यांच्या मदतीला येऊ शकलं नाही. शेकडो प्रकल्पांना घाईघाईने ॲपलच्या एक्सकोड या साधनावर स्थलांतर करावं लागलं. दुसरं उदाहरण ॲडोबीचंच. मॅकची नवी प्रणाली २००१मध्ये आली, पण फोटोशॉप तिच्या मूळ चौकटीत पूर्णपणे उतरलं ते २०१०मध्ये. २००८ची ६४-बिट आवृत्ती विंडोजवाल्यांना मिळाली आणि मॅकवाल्यांना वाट पाहावी लागली. त्यातला थोडा दोष ॲपलच्या आयत्या वेळी बदललेल्या धोरणाचा होता, हेही खरं. पण एवढं निश्चित की व्यासपीठ आणि डेव्हलपर यांच्यामध्ये तिसरा कोणी उभा राहिला, की व्यासपीठाची चाल त्याच्या चालीवर ठरते. फोनमध्ये नवी सोय आली, तर ती मधल्या साधनात येईपर्यंत डेव्हलपर थांबून राहणार. आणि ते साधन चार प्रकारच्या फोनांसाठी असेल, तर चारही फोनांना जमेल तेवढंच ते देणार. त्या दिवसांत ॲपलविषयी लिहिणारे ब्लॉगर जॉन ग्रुबर यांनी ॲपलची ही बाजू सविस्तर मांडली होती आणि जॉब्ज यांनी एका डेव्हलपरला पाठवलेल्या उत्तरात त्या लेखाची वाखाणणी केली होती.

मराठी वाचकाला हा मुद्दा चटकन पटेल असा एक दाखला आपल्या लिपीतच आहे. देवनागरी पडद्यावर उमटवणं सोपं काम नाही. ‘किती’ लिहिताना युनिकोडच्या क्रमात आधी ‘क’ येतो आणि मागून पहिली वेलांटी. पण डोळ्यांना ती वेलांटी ‘क’च्या आधी दिसायला हवी. ‘ज्ञ’ किंवा ‘स्त्री’ यांसारखी जोडाक्षरं तर सुटे तुकडे जुळवून नव्या आकारात घडवावी लागतात. आयफोनच्या स्वतःच्या मजकूर-व्यवस्थेला हे काम येतं, ब्राउझरलाही येतं. युनिटीसारखं इंजिन मात्र अक्षरं स्वतःच रंगवतं, आणि कित्येक वर्षं त्याला हे जमत नव्हतं. वेलांटी भलत्या बाजूला जायची, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अक्षरं दिसायची. मराठी किंवा हिंदी खेळ बनवणाऱ्यांना मग कृतीदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टचा आधार घ्यावा लागे, नाहीतर मजकुराची चित्रंच चिकटवावी लागत. फोन जे फुकट देत होता ते मधल्या थरात हरवत होतं. जॉब्ज ज्या निकृष्ट ॲपची भीती सांगत होते, त्यातली काही आपल्या भाषेत आपण पाहिलेली आहेत.

तरीही मला कलम ३.३.१ अन्यायाचंच वाटतं, आणि त्याचं कारणही याच उदाहरणात आहे. वेलांटी चुकली तर ती पडद्यावर दिसते. ते ॲप तपासणीत नाकारता येतं, ग्राहक ते काढून टाकू शकतो, आणि ओरड झाली तर इंजिन बनवणारा ते दुरुस्त करू शकतो. दोष मालात असेल तर माल तपासावा. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये लिहिलेली गचाळ ॲप स्टोअरमध्ये ढिगाने होती आणि युनिटीवर बनलेले उत्तम खेळही होते. अँग्री बर्ड्समध्ये, त्या वर्षी ज्या खेळाने सगळ्यांना वेड लावलं त्यात, लुआ वापरलेली होती. मूळ भाषा पाहून यांतलं चांगलं आणि वाईट वेगळं होत नव्हतं.

त्याहून मोठी इजा अनिश्चिततेची होती, आणि ती ॲडोबीपेक्षा लहानांना झाली. ॲडोबीकडे वकील होते, वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देण्याइतका पैसा होता. तीन-चार जणांच्या गेम स्टुडिओकडे काय असतं? आठ-दहा महिने खपून केलेला एक खेळ आणि संपत आलेली बचत. नियमाची शब्दरचना इतकी रुंद होती की तिच्या फटक्यात कोण येतं आणि कोण सुटतं, हे कुणालाच सांगता येईना. युनिटी चालेल का? खेळातली पात्रं हलवण्यापुरती लुआ वापरली तर? सी शार्पमधून सी प्लस प्लस तयार केली, तर ती ‘मुळात’ सी प्लस प्लसमध्ये लिहिली असं धरतील का? युनिटीचे प्रमुख डेव्हिड हेल्गासन ग्राहकांना वेळोवेळी धीर देत राहिले. त्या उन्हाळ्यात युनिटी आणि मोनोटचवर बनलेली ॲप मंजूरही होत राहिली. पण करारातलं वाक्य जसंच्या तसं होतं. नियम कडक आणि अंमल सैल असला, की वरवर दिलासा वाटतो, प्रत्यक्षात प्रत्येकाचं भवितव्य तपासनिसाच्या मर्जीवर येतं. पुढच्या वर्षीचा प्रकल्प कुठल्या साधनावर घ्यायचा, नवीन माणूस घ्यायचा की नाही, हे अशा अवस्थेत ठरवता येत नाही.

मुलांनाही या नियमांची झळ लागली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्यासाठी स्क्रॅच बनवलं आहे. रंगीत ठोकळे जोडून मुलं गोष्टी आणि खेळ तयार करतात. मुलांनी केलेले हे प्रकल्प आयफोनवर पाहता यावेत म्हणून एक ॲप आलं होतं. एप्रिल २०१०मध्ये ॲपलने ते काढून टाकलं, कारण आत दुभाषा होता. स्क्रॅचचा प्रकल्प चालवायचा तर दुभाष्याशिवाय गत्यंतर नाही. ज्या यंत्राने एका पिढीला संगणकाची गोडी लावायची, त्यावर मुलाने स्वतः रचलेला खेळ चालू नये, हे मला त्या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत खेदाचं वाटतं.

जूनमध्ये ॲपलने पहिली गाठ सैल केली. लेखी परवानगी घेऊन, मर्यादित कामासाठी, ॲपच्या आतच बांधलेला दुभाष्याचा कोड चालेल असं कलम ३.३.२मध्ये आलं. लुआ वापरणाऱ्या खेळांना त्यामुळे श्वास मिळाला. तोवर सरकारी यंत्रणांनी लक्ष घातलं होतं. अमेरिकेत चौकशीच्या बातम्या मे महिन्यापासून येत होत्या आणि युरोपीय आयोगाने वसंत ऋतूतच प्राथमिक तपास सुरू केला होता. एका व्यासपीठासाठी लिहिलेला कोड दुसरीकडे नेता येऊ नये असा हा डाव आहे का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. डेव्हलपरने एकदाच लिहून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे विकलं, तर ग्राहकाला फोन बदलणं सोपं जातं. साधनांवर बंदी आली तर छोट्या कंपनीला दोहोंपैकी एक निवडावं लागतं आणि ती मोठं दुकान निवडते.

९ सप्टेंबर २०१० रोजी ॲपलने एक छोटंसं निवेदन काढलं. आयओएसची (आयफोन ओएसचं हे नवं नाव) ॲप बनवण्याच्या साधनांवरचे सगळे निर्बंध आम्ही उठवत आहोत, अट एकच, तयार झालेल्या ॲपने बाहेरून कोड उतरवून घेऊ नये. पाच महिने लोटले होते. त्याच दिवशी ॲप तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं ॲपलने पहिल्यांदा डेव्हलपरांपुढे ठेवली. तोवर अडीच लाखांहून जास्त ॲप त्या दुकानात आली होती आणि ती कुठल्या कसोट्यांवर तपासली गेली, हे बनवणाऱ्यांनी कधी लेखी पाहिलंच नव्हतं! मला या निवेदनापेक्षा ही तत्त्वं प्रसिद्ध होणं जास्त मोलाचं वाटतं. ती कडक होती, काही ठिकाणी उद्धट होती, पण वाचता येत होती, त्यांच्याशी वाद घालता येत होता. २५ सप्टेंबरला युरोपीय आयोगाने समाधान व्यक्त करून आपला तपास थांबवला.

ॲडोबीने पॅकेजरचं काम पुन्हा हाती घेतलं. २०११मध्ये मशिनेरियम हा सुंदर चेक खेळ याच मार्गाने आयपॅडवर आला आणि गाजला. मात्र फोनच्या ब्राउझरमधला फ्लॅश प्लेअर त्याच वर्षी नोव्हेंबरात ॲडोबीने स्वतःच सोडून दिला. मोनोटचच्या मंडळींना नॉव्हेलच्या विक्रीनंतर नोकऱ्या गमवाव्या लागल्या. त्यांनी २०११मध्ये झामरिन काढली आणि ती २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. युनिटी तर मोबाइल खेळांचा कणाच झाली. फेसबुकचं रिॲक्ट नेटिव्ह २०१५मध्ये आलं, गूगलचं फ्लटर २०१८मध्ये स्थिरावलं. एकदा लिहून दोन्ही प्रकारच्या फोनांसाठी ॲप काढणं हे आज पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांतलं रोजचं काम आहे. ते सगळं त्या सप्टेंबरच्या निवेदनाच्या जमिनीवर उभं आहे. २०१४मध्ये खुद्द ॲपलने स्विफ्ट ही नवी भाषा आणली, जी २०१०च्या यादीत बसलीच नसती.

साधनांवरून वाद नंतरही झाले. २०१७च्या मध्यावर ॲपलने आयत्या साच्यांतून, ॲप बनवून देणाऱ्या सेवांतून निघालेल्या ॲपना बंदी केली. हेतू बनावट आणि एकसारख्या ॲपचा कचरा काढण्याचा होता. पण मार बसला तो उपाहारगृहं, छोटी दुकानं, स्थानिक संस्था यांना, ज्यांना प्रोग्रामर नेमणं परवडत नाही. अमेरिकी काँग्रेसचे सदस्य टेड ल्यू यांनी ॲपलला पत्र लिहिलं, आणि डिसेंबरात नियम बदलून ज्याचा मजकूर आहे त्याने स्वतःच्या नावाने ॲप दाखल केलं तर चालेल असं ठरलं. त्याच वर्षी मार्चमध्ये, मंजुरी मिळाल्यावर बाहेरून कोड पाठवून ॲपचं वागणं बदलणाऱ्या साधनांविषयी ॲपलने डेव्हलपरांना ताकीद दिली होती. चीनमध्ये लोकप्रिय असलेलं जेएसपॅच हे त्यातलंच. इथे मी ॲपलच्या बाजूने आहे. तपासलेलं ॲप एक आणि ग्राहकाच्या फोनमध्ये चालणारं दुसरंच, असं झालं तर तपासणीला अर्थ उरत नाही.

दुभाष्यावरची बंदी मात्र फार हळूहळू सुटली. २००९मध्ये कमोडोर ६४ या जुन्या संगणकाची नक्कल करणारं ॲप काही दिवसांतच काढलं गेलं, कारण त्यातून बेसिक भाषेच्या पडद्यापर्यंत पोचता येत होतं. प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या ॲपना कोड उतरवायची मोकळीक मिळाली ती २०१७मध्ये. जुन्या खेळयंत्रांची नक्कल करणाऱ्या ॲपना ॲपलने परवानगी दिली एप्रिल २०२४मध्ये, आणि डेल्टा नावाचं असं एक ॲप पाहता पाहता यादीत वर गेलं. निन्टेन्डोच्या गेमक्यूब आणि वी या यंत्रांची नक्कल करणाऱ्या डॉल्फिनच्या चमूने मात्र सांगितलं की आम्ही येणार नाही. त्या यंत्रांच्या नकलेला पुरेसा वेग देण्यासाठी जेआयटी लागते, आणि ॲप स्टोअरमधल्या अशा ॲपना ती आजही वापरता येत नाही.